तुलूजमध्ये क्लास न लावता फ्रेंच शिकताना

चार वर्षांपूर्वी ऑगस्टच्या शेवटी आम्ही नैर्ऋत्य फ्रान्समधल्या तुलूज शहरात आलो. नवऱ्याची नोकरी विमानं बनवणाऱ्या उद्योगातली, त्याच्या ऑफिसात सगळं इंग्रजीत चालायचं. माझ्या वाट्याला ऑफिसबाहेरचं जग आलं: बेकरी, भाजीबाजार, शाळेचं फाटक, औषधाचं दुकान, जिन्यात भेटणारे शेजारी. मुलगी तीन वर्षांची होती, त्यामुळे संध्याकाळच्या क्लासला जाणं जमण्यासारखं नव्हतं. जे शिकले ते या जगातच शिकले. आज डॉक्टरांशी, शाळेतल्या बाईंशी, घरमालकाशी मी एकटी बोलते. पुण्या-नाशिकहून किंवा बंगळुरूहून इथे येणाऱ्या, विशेषतः जोडीदाराच्या नोकरीमुळे आलेल्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला उपयोगी पडेल म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. आपण फ्रेंचकडे इंग्रजीतून जातो, कारण लिपी एक आणि शब्दही ओळखीचे वाटतात. अडतो तेही तिथेच. मराठीतून गेलात तर फ्रेंच बरीच जवळ आहे. उच्चार, लिंग, ‘तू’ आणि ‘तुम्ही’, ‘मला आवडतं’ अशी वाक्यांची घडण, हे सगळं आपल्याकडे आधीच आहे. अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेल्यांनाही हे लागू आहे, कारण तेव्हा आपण ते इंग्रजीतूनच शिकलो.

फ्रेंच शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. माझी पहिली वहीही देवनागरीतच होती, आणि तुमचीही तशीच असावी असं मला वाटतं. फ्रेंच स्पेलिंगमधली निम्मी अक्षरं उच्चारात नसतात. कान तयार होण्याआधी स्पेलिंग डोळ्यांपुढे आलं की जीभ ते सगळं वाचायला जाते. चंद्रबिंदू दिसला की आवाज नाकातून काढा. ‘त्यू’, ‘र्‍यू’ असं दिसलं की तोंडात ‘ई’ धरा आणि ओठ मात्र ‘ऊ’सारखे गोल करा.

सोबत काय लागेल

- खिशात मावेल अशी वही आणि पेन. फोनवर टिपण करता येतं, पण दुकानात फोन काढला की समोरच्याला वाटतं तुमचं लक्ष नाही.
- घराच्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे वीजबिल किंवा भाडेकरार, आणि ओळखपत्र. वाचनालयाच्या कार्डासाठी, संस्थेत नाव घालण्यासाठी, सगळीकडे हे मागतात. दोन-तीन प्रती काढून ठेवा.
- थोडी सुटी नाणी. कार्डाने पैसे देणं सोपं असतं, पण नाणी मोजताना आकडे पाठ होतात.
- स्वयंपाकघरात चालू ठेवता येईल असा रेडिओ, किंवा फोनवर रेडिओचं ॲप.

१. पहिला आठवडा फक्त ‘बोंजूर’चा

आपल्याकडे दुकानात शिरल्या शिरल्या ‘अर्धा किलो साखर द्या’ म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. इथे ते चालत नाही. बेकरीत, बसमध्ये चढताना, डॉक्टरांच्या प्रतीक्षाखोलीत, लिफ्टमध्येसुद्धा आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, मग बाकीचं. संध्याकाळ झाली की ‘बोंस्वार’. बाईमाणूस असेल तर ‘बोंजूर मादाम’, पुरुष असेल तर ‘बोंजूर मस्यो’. निघताना ‘मेर्सी, बॉन जुर्ने’, म्हणजे तुमचा दिवस चांगला जावो, आणि मग ‘ओ रव्वार’.

पहिल्या महिन्यात एका खिडकीवर मी थेट प्रश्न विचारला. त्या बाई काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं माझं फ्रेंच कळलं नाही, म्हणून तोच प्रश्न मी पुन्हा, अजून मोठ्याने विचारला. त्या ‘बोंजूर’ म्हणाल्या आणि थांबल्या. फ्रेंच लोक तुसडे असतात ही आपल्या लोकांची तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. ‘बोंजूर’ विसरलात तर पुढचं कितीही शुद्ध बोललात तरी उपयोग नाही.

२. ‘ट’ सोडा, ‘त’ धरा

इंग्रजी ‘टी’ आणि ‘डी’ आपण ‘ट’ आणि ‘ड’ असे म्हणतो, आणि तीच सवय फ्रेंचमध्ये घेऊन जातो. फ्रेंचमध्ये ते सरळ आपले ‘त’ आणि ‘द’ आहेत, जीभ दातांना टेकवून. ‘प’ आणि ‘क’सुद्धा आपलेच, हवा न सोडता. इंग्रजांना हे शिकायला कष्ट पडतात, आपल्याला काहीच करायचं नाही. तबला म्हणताना जो ‘त’ येतो तोच.

नाकातले स्वर तीन महत्त्वाचे: ‘अँ’, ‘आँ’ आणि ‘ओं’. माझी आजी सावंतवाडीकडची. ती ‘खंय गेललंस?’ म्हणायची तेव्हा ‘खंय’मधला आवाज अर्धा नाकातून यायचा. मालवणी किंवा कोकणी घरातून आला असाल तर हे स्वर तुमच्या कानात आहेतच. देशावरच्यांनी एक काळजी घ्यायची: शेवटी ‘न’ किंवा ‘म’ स्पष्ट वाजवायचा नाही, ओठ मिटायचे नाहीत.

तुलूजचं मात्र वेगळं आहे. इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात दक्षिणेचा हेल आहे. पॅरिसचा ‘पँ’, म्हणजे पाव, इथे ‘पेंग’सारखा ऐकू येतो आणि ‘दमँ’, म्हणजे उद्या, ‘दमेंग’ होतो. पॅरिसला जो शेवटचा ‘अ’ गिळतात तो इथे म्हणतात: ‘रोझ’चं ‘रो-झ’ होतं, दोन अक्षरी. सुरुवातीला ॲपमधलं फ्रेंच आणि बाजारातलं फ्रेंच जुळेना म्हणून मी घाबरले होते. घाबरू नका. हा हेल नवशिक्यांना सोयीचा आहे, कारण त्यात शब्द जास्त पूर्ण ऐकू येतात.

‘र’ घशातून, ‘ख’च्या जागेवरून काढायचा. तो जमायला मला वर्ष लागलं. आपला ‘र’ वापरलात तरी सगळ्यांना कळतं, तेव्हा त्यासाठी बोलणं अडवून ठेवू नका.

आणि संधी. ‘वू’ म्हणजे तुम्ही, ‘आव्हे’ म्हणजे क्रियापद, पण एकत्र आले की ‘वूझाव्हे’. मध्ये ‘झ’ कुठून आला? तो स्पेलिंगमध्ये झोपलेला होता, पुढे स्वर आल्यावर जागा झाला. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना यात नवल वाटणार नाही. म्हणून वहीत शब्द वेगळे तोडू नका, जसे कानावर पडतात तसे जोडून लिहा.

३. एक बेकरी निवडा आणि रोज तिथेच जा

दहा दुकानं फिरण्यापेक्षा एकाच बेकरीत रोज एकाच वेळी जाणं फायद्याचं. तीच माणसं, तेच प्रश्न, त्याच क्रमाने. साधारण असं चालतं:

तुम्ही: ‘बोंजूर मादाम. यून त्रादिस्यों, पा त्रो क्वीत, सिल वू प्ले.’ म्हणजे ‘त्रादिस्यों’ प्रकारची एक ‘बागेत’ (काठीसारखा लांब फ्रेंच पाव), फार भाजलेली नको.
त्या: ‘ए आवेक ससी?’
तुम्ही: ‘स सरा तू, मेर्सी.’

‘ए आवेक ससी?’चा शब्दशः अर्थ ‘आणि याच्याबरोबर?’, म्हणजे आपलं ‘अजून काय देऊ?’ हे तीन-चार शब्द एका दमात येतात आणि नवीन माणूस गोंधळून ‘वी’, म्हणजे हो, म्हणतो. मग त्या वाट बघत राहतात. उत्तर एकच: ‘स सरा तू’, एवढंच.

पुढचा प्रश्न: ‘वू वूले ल तिके?’ पावती हवी का? १ ऑगस्ट २०२३ पासून फ्रान्समध्ये दुकानात पावती आपोआप छापत नाहीत, मागावी लागते, म्हणून हा प्रश्न सगळीकडे येतो. त्याआधी आलेल्या लोकांच्या टिपणांत तो तुम्हाला सापडणार नाही. तिसरा प्रश्न खास तुलूजचा: ‘यून पॉश?’ शब्दकोशात ‘पॉश’ म्हणजे खिसा, पण नैर्ऋत्य फ्रान्समध्ये दुकानातल्या पिशवीलाही ‘पॉश’ म्हणतात.

आणि चॉकलेट घातलेला तो चौकोनी खुसखुशीत पाव इथे ‘शोकोलातीन’ म्हणून मागा. पॅरिसचं ‘पँ ओ शोकोला’ म्हटलंत तरी मिळेल, पण तुलूजकर या शब्दाबद्दल मनापासून हळवे आहेत. ‘शोकोलातीन’ म्हणालात की समोरच्या चेहऱ्यात फरक पडतो.

दहा-बारा दिवसांनी रोजच्या वाक्यात एक नवीन शब्द घाला. आज हवेबद्दल, उद्या मुलीबद्दल. हवेचा विषय इथे कधी संपत नाही, कारण ‘व्हाँ दोताँ’ नावाचा आग्नेयेकडचा वारा सुटला की सगळं शहर त्याच्याबद्दलच बोलतं. ‘आ, ल व्हाँ दोताँ!’ एवढं म्हणून सुस्कारा टाकलात तरी संभाषण सुरू होतं.

४. आकडे: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

एकोणसत्तरपर्यंत ठीक आहे. सत्तर म्हणजे ‘स्वासाँत-दिस’, साठ आणि दहा. ऐंशी म्हणजे ‘कात्र-वँ’, चार विसा. नव्व्याण्णव म्हणजे ‘कात्र-वँ-दिझ्नफ’, चार विसा एकोणीस. आपल्याकडे गावातली जुनी माणसं ‘तीन विसा’, ‘चार विसा’ असंच मोजायची. तो हिशेब आठवा, इंग्रजीतून भाषांतर करत बसू नका.

फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात. ‘स्वासाँत’ ऐकलं की हात ६ लिहून मोकळा होतो, आणि मग ‘दिझ्वीत’ येतं, म्हणजे जोडी ७८ होती. उपाय एकच: जोडी पूर्ण संपेपर्यंत पेन कागदाला लावायचं नाही. मी रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या पाट्या वाचत चालायचे. दोन महिन्यांत जमलं.

वेळ चोवीस तासांत सांगतात: ‘दिझ्नफ अर’ म्हणजे संध्याकाळचे सात. दिवसांबाबत मात्र आनंदाची गोष्ट आहे. ‘आठ दिवसांनी या’ म्हणजे पुढच्या आठवड्यात, ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे दोन आठवड्यांनी, हे आपण म्हणतो तसंच ते म्हणतात: ‘वी जूर’ आणि ‘कँझ जूर’. प्लंबर म्हणाला ‘दाँ कँझ जूर’, तर पंधरा दिवसांनी, अगदी आपल्या अर्थाने.

५. बाजार: तुमचा खरा वर्ग

बुलव्हार द स्त्राझबूरवरचा क्रिस्ताल बाजार सोमवार सोडून रोज सकाळी भरतो. रविवारी सेंत-ओबँ चर्चभोवतीचा बाजार मोठा असतो, तिथे आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरीही येतात. व्हिक्तोर युगोची मंडई छताखालची, महाग, पण बघण्यासारखी. मी क्रिस्तालला शिकले. सुरुवातीला मंगळवार-बुधवारी जा. शनिवार-रविवारी गर्दी असते, विक्रेत्याला थांबायला सवड नसते.

रांग दिसत नाही, पण असते. विक्रेता विचारतो, ‘से ता की?’, पाळी कुणाची? तुमची असेल तर ठामपणे ‘से ता म्वा’. गप्प राहिलात तर मागचा पुढे जातो. त्यात त्याची चूक नाही, तुम्ही बोलला नाहीत एवढंच. भाजीला आपण होऊन हात लावू नका, ते विक्रेत्याने करायचं असतं. जिथे हाताने निवडून घ्यायची पद्धत आहे तिथे तो स्वतः कागदी पिशवी पुढे करतो.

मापं बोलता बोलता पाठ होतात. ‘यून बॉत द कोरियाँद्र’ म्हणजे कोथिंबिरीची जुडी. ‘यून लीव्र’ म्हणजे अर्धा किलो, आणि इथे इंग्रजीतला पौंड आठवून साडेचारशे ग्रॅमचा हिशेब करू नका, सरळ पाचशे. ‘यून बारकेत’ म्हणजे स्ट्रॉबेरीचा छोटा ट्रे. लसणाला म्हणतात ‘आय’. ‘द लाय, सिल वू प्ले’ असं पहिल्यांदा म्हणताना मला आईला हाक मारल्यासारखं वाटलं, आणि हा शब्द कधी विसरायला झाला नाही. जवळच्या लोत्रेक गावचा गुलाबी लसूण मागा, ‘लाय रोझ’. फोडणीला छान लागतो.

उसळीसाठी तार्ब गावाकडची पांढरी घेवड्यासारखी शेंगबी मिळते, ‘आरिको तार्बे’. त्यात एक सापळा आहे. वर सांगितलेल्या संधीच्या नियमाने ‘ले’ आणि ‘आरिको’ मिळून ‘लेझारिको’ व्हायला हवं, पण होत नाही. या शब्दाच्या सुरुवातीचा ‘एच’ ऐकू येत नसला तरी संधी अडवतो, म्हणून ‘ले आरिको’, मध्ये थोडं थांबून. फ्रेंच मुलंही इथे चुकतात आणि मोठी माणसं त्यांना सुधारतात. मला भाजीवाल्याने सुधारलं, तीन वेळा माझ्याकडून म्हणवून घेतलं, आणि वर मूठभर पार्सली फुकट दिली.

उन्हाळ्यात खरबूज मागितलंत तर तो विचारेल, ‘पूर स स्वार, ऊ पूर दमेंग?’ आज रात्री खाणार की उद्या? आणि त्याप्रमाणे वास घेऊन, देठ दाबून निवडून देईल. असा प्रश्न आला की पुढे बोलायला जागा असते. ‘पूर स स्वार’ म्हणा आणि तो फळ कसं ओळखतो ते विचारा: ‘कोमाँ वू साव्हे?’ तुम्हाला उत्तरातलं निम्मं कळणार नाही, पण हातवाऱ्यांवरून अर्थ लागतो. अशा अर्थ लागलेल्या शब्दांची मी घरी येऊन नोंद करायचे. ते पुस्तकातल्या शब्दांपेक्षा जास्त टिकले.

६. वाक्य मराठीतून उचला

‘मला हे आवडतं’ हे वाक्य घ्या. इंग्रजीत कर्ता ‘मी’ होतो. फ्रेंचमध्ये ‘सा म प्ले’: सा म्हणजे हे, म म्हणजे मला, प्ले म्हणजे आवडतं. घडण आपलीच. ‘मला पुरे’: ‘सा म स्युफी’. ‘मला पाव हवाय’: ‘इल म फो द्यु पँ’. ‘मला भूक लागलीय’ हेही ‘मी भुकेला आहे’ असं नाही, तर ‘जे फँ’, म्हणजे माझ्याकडे भूक आहे. तसंच ‘जे शो’, मला गरम होतंय. इंग्रजीवरून ‘ज स्वी शो’ म्हणालात तर त्याचा अर्थ वेगळा आणि अवघड होतो.

इंग्रजीने लावलेले आणखी दोन सापळे. वाचनालय शोधताना ‘लिब्रेरी’ विचारलंत तर पुस्तकांच्या दुकानात पाठवतील. तुम्हाला ‘बिब्लियोतेक’ किंवा ‘मेद्यातेक’ हवं. आणि मुरांब्यात प्रिझर्व्हेटिव्ह आहे का हे विचारताना ‘प्रेझर्वातीफ’ म्हणू नका, तो निरोधचा शब्द आहे. ‘कोंसर्वातर’ म्हणा.

निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. ती खुर्ची, ती खिडकी: इथेही ‘ला शेझ’, ‘ला फनेत्र’. पण लिंगं सगळीकडे जुळत नाहीत. चंद्र इथे स्त्री आहे, ‘ला ल्यून’. आपलं नपुंसकलिंग इथे नाहीच, त्यामुळे ते पाणी, ते टेबल, ते दार ही सगळी इथे स्त्रीलिंगी निघतात. नाम वहीत लिहिताना पुल्लिंगी ‘ल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ चिकटवूनच लिहा. मी पहिले सहा महिने नुसती नामं लिहिली आणि नंतर सगळी वही पुन्हा करावी लागली.

विशेषणंही बदलतात. बाई ‘मी तयार आहे’ म्हणेल ‘ज स्वी प्रेत’, पुरुष म्हणेल ‘ज स्वी प्रे’. मराठी कानाला तो पहिला शब्द दचकवतो खरा, पण त्यामुळेच स्त्रीलिंगी ‘त’ कायमचा लक्षात राहतो.

७. मूल असेल तर शाळेची वही वाचा

२०१९ पासून फ्रान्समध्ये तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे, त्यामुळे लहान मूल घेऊन आलात तर शाळा लगेच येते. शाळा आणि पालक यांच्यात एक वही फिरते, ‘काये द ल्येझों’. त्यात बाई सूचना चिकटवतात आणि तुम्ही वाचल्याची सही करता. लहान, खरी, रोज लागणारी वाक्यं. सहल, डबा, परवानगी, आणि थंडीत हमखास येणारी ‘पू’ची चिठ्ठी, म्हणजे वर्गात कुणाच्या तरी डोक्यात उवा सापडल्या आहेत. लाजायचं कारण नाही, ती सगळ्या घरी जाते.

चिठ्ठी आधी स्वतः मोठ्याने वाचा, मग भाषांतराच्या ॲपवर तपासा. उलट क्रमाने केलंत तर काही राहत नाही. उत्तरही तिथेच लिहायचं, दोन ओळींचं. माझ्या सगळ्या लेखनाची सुरुवात त्या वहीत झाली.

साडेचारच्या सुमारास फाटकाशी ‘गूते’चा, म्हणजे मुलांच्या चारच्या खाऊचा डबा घेऊन पालक उभे असतात. पाच मिनिटं आधी जा.

८. औषधाचं दुकान आणि फोन

फार्मसीत माणसं सावकाश बोलतात, कारण चूक त्यांना परवडणारी नसते. सर्दी-खोकल्यासाठी तिथे जाऊन लक्षणं सांगायचा सराव करा. पण एक गोष्ट जिवावर बेतू शकते. ‘वू नेत पा आलेर्जीक?’, तुम्हाला ॲलर्जी नाही ना? आपण मराठीत ‘हो, नाही’ म्हणून मोकळे होतो, आणि तोंडातून ‘वी’ निघतं. फ्रेंचमध्ये नकारार्थी प्रश्नाला नसेल तर ‘नों’ आणि असेल तर ‘सि’. हा ‘सि’ फक्त अशा प्रश्नासाठीच आहे. खात्री नसेल तर पूर्ण वाक्य म्हणा: ‘ज न स्वी पा आलेर्जीक.’

फोन सगळ्यात शेवटी शिका, कारण हातवारे दिसत नाहीत. आधी आपलं आडनाव अक्षरं सुटी करून सांगायचा सराव करा. फ्रेंचमध्ये इंग्रजी ‘जी’ला ‘जे’ म्हणतात आणि ‘जे’ला ‘जी’, अगदी उलट. ‘ई’ला ‘अ’ म्हणतात आणि ‘आय’ला ‘ई’. जोशी, गाडगीळ, जगताप यांनी हे कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवावं. ‘न कीते पा’ ऐकू आलं तर ठेवू नका, त्याचा अर्थ ‘लाइनवर थांबा’.

९. माणसं कुठे भेटतात

सप्टेंबरच्या सुरुवातीला बहुतेक प्रत्येक गावात ‘फोरोम देझासोस्यास्यों’ भरतो. १९०१ च्या कायद्याखाली नोंदलेल्या स्थानिक संस्था तिथे आपापली टेबलं मांडतात: गाणं, शिवण, डोंगरभटकंती, बागकाम. वर्गणी सहसा वर्षाची असते. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणि खेळ असेल तर आरोग्याची प्रश्नावली किंवा डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. फ्रेंच शिकवणारी संस्था शोधू नका, हाताने काही करायचं असेल अशी निवडा. मी शिवणाच्या गटात गेले. हात कामात असले की चुकीच्या क्रियापदाकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि गप्पा दोन तास चालतात.

समोरचा माणूस इंग्रजीवर येतो तेव्हा तो मदतच करत असतो. वाईट वाटून न घेता म्हणा: ‘जेमरे पार्ले फ्राँसे, सी सा न वू देराँज पा’, मला फ्रेंच बोलायला आवडेल, तुमची हरकत नसेल तर. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

‘त्यू’ आणि ‘वू’ म्हणजे तू आणि तुम्ही, पण रेषा थोडी वेगळी आहे. आपण वडिलांना कित्येक घरांत ‘तुम्ही’ म्हणतो, इथे मुलं आई-वडिलांना ‘त्यू’च म्हणतात. ऑफिसात आणि संस्थेत पटकन ‘त्यू’ होतं. दुकान, शाळा, डॉक्टर, वयस्कर शेजारी यांना मात्र ‘वू’, जोवर ते स्वतः ‘ओं स त्युत्वा?’ विचारत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या मादामनी मला दोन वर्षांनी विचारलं. घाई करू नका.

१०. कान

आर-एफ-आय या सरकारी रेडिओवर ‘फ्राँसे फासील’ म्हणजे सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या असतात, आणि त्यांचा लिखित मजकूरही मिळतो. कणीक मळताना रोज एकदा ऐका. मेट्रोत स्थानकांची नावं दोनदा ऐकू येतील. दुसऱ्यांदा येणारी फ्रेंच नसते, ती ऑक्सिताँ, या प्रदेशाची जुनी भाषा. आपला कान चुकला असं समजू नका. मारेंगोजवळच्या जोझे काबानिस मेद्यातेकमध्ये बसून वाचायला कार्ड लागत नाही. लहान मुलांच्या पुस्तकांपासून सुरुवात करा.

११. कागदासाठी पातळी लागते तेव्हा

जानेवारी २०२४ च्या कायद्यानुसार, १ जानेवारी २०२६ पासून अनेक वर्षांच्या पहिल्या निवासकार्डासाठी ए-२, दहा वर्षांच्या कार्डासाठी बी-१ आणि नागरिकत्वासाठी बी-२ ही पातळी मागितली जाते (या भाषाज्ञानाच्या चढत्या युरोपीय पातळ्या). काही प्रकारच्या कार्डांना ए-२ च्या अटीतून सूट आहे, तेव्हा तुमच्या कार्डावर कोणता प्रकार छापला आहे ते आधी बघा. परीक्षा दोन जास्त चालतात: तेसेएफ, जिचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, आणि देल्फ, जी एकदा उत्तीर्ण झालात की आयुष्यभर.

बाजारात शिकलेलं फ्रेंच बोलण्या-ऐकण्यात तुम्हाला सहज तारून नेतं, लिहिण्यात नाही. परीक्षेच्या चार महिने आधीपासून रोज दहा ओळी लिहा आणि कुणाकडून तरी तपासून घ्या. माझी वही शिवणाच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिका तपासायच्या, बदल्यात मी त्यांना पुरणपोळी द्यायचे. या टप्प्यावर देवनागरी वही बंद करून खऱ्या स्पेलिंगकडे वळावं लागतं, आणि कान तयार असल्यामुळे तेव्हा ते जड जात नाही.

अर्ज भरताना बायकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावं. ‘नों द नेसाँस’ म्हणजे जन्माचं आडनाव, ‘नों द्युझाज’ म्हणजे वापरातलं. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललं असेल, किंवा मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं असेल, तर अर्जावर, पासपोर्टवर आणि निवासकार्डावर ती अक्षर न अक्षर जुळली पाहिजेत. जुळत नसतील तर जन्मदाखला आणि लग्नाचं प्रमाणपत्र, दोन्हींची अधिकृत अनुवादकाकडून केलेली फ्रेंच भाषांतरं तयार ठेवा आणि परीक्षेची तारीख घेण्याआधी केंद्राला ईमेलने विचारून घ्या. तो ईमेल फ्रेंचमध्ये लिहा.